घरटी एक हात

आमच्या वाडीने मतदानावर बहिष्कार टाकला तेव्हा मी बैठकीला नव्हते. बायकांनी बसू नये असा काही नियम नाही. पण बैठक सहाणेवर भरते. शिमग्यात गावदेवीची पालखी जिथे टेकवतात तो जांभ्या दगडाचा चौथरा म्हणजे आमची सहाण. पुरुष चौथऱ्यावर बसतात आणि बायका खाली फणसाच्या सावलीत उभ्या राहून ऐकतात. मला उभं राहून ऐकायला वेळ नसतो. माझी पिठाची गिरण आहे, आणि वाडीत जे ठरतं ते दुसऱ्या दिवशी दळणाबरोबर माझ्याकडे येतंच.

तसंच ते आलं. कुळथाचं दळण घेऊन आलेल्या शेजारणीने डबा खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "वयनी, यंदा कोणालाच मत नाय. नारळ ठेवलानी देवीफुडं."

नारळ ठेवला म्हणजे विषय संपला. वाडीचे गावकर, म्हणजे देवीचे मुख्य मानकरी, देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, काय ठरलं ते देवीला सांगतात, आणि मग प्रत्येक घरातला एक जण पुढे होऊन त्या नारळाला हात लावतो. घरटी एक हात. ज्या घराचा हात लागला ते सगळं घर त्या शब्दाला बांधलं गेलं. पूर्वी हे पाण्याच्या पाळीसाठी नाहीतर गुरं सोडायच्या तारखेसाठी व्हायचं. निवडणुकीत ते कधी शिरलं मला माहीत नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून, गेली एक निवडणूक सोडली तर, वाडीचं मत एकगठ्ठा जात आलं आहे आणि ते नारळावरच ठरत आलं आहे.

"आमच्या घराचा हात कोणी लावला?" मी विचारलं. नवरा वारलेला, मुलगा मुंबईत. घरात मी आणि सासूबाई.

"भावजींनी लावला की तुमच्या. आपला एक लावला नि तुमचा एक लावला."

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये दगडांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. मीठ संपलं तर त्यावरून हाक मारतात. त्या दिवशी मात्र कोणी हाक मारली नव्हती.

बहिष्काराचं कारण साकव. आमची वाडी आणि वरची वाडी, दोन्ही पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहेत, म्हणून बहिष्कारातही दोन्ही होत्या. शाळा, रस्ता, दवाखाना, गावठण सगळं अलीकडे. अलीकडे म्हणजे त्यांच्या बाजूला. पऱ्यावर माडाची खोडं टाकून केलेला साकव आहे. तो दर पावसाळ्यात वाहून जातो आणि दर गणपतीआधी वाडी तो पुन्हा बांधते. पक्क्या साकवाचं आश्वासन माझ्या सासऱ्यांना मिळालं होतं, माझ्या नवऱ्याला मिळालं होतं आणि मलाही दोनतीनदा मिळालं आहे. निवडणुका नेमक्या पऱ्या आटलेला असताना येतात. उमेदवार बूट न काढता दगडांवरून येतो आणि म्हणतो, पाणी कुठे आहे?

माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं ते भर आषाढात. साकव आदल्याच आठवड्यात गेला होता. भावजी आणि आणखी तिघांनी त्याला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून, वरच्या अंगाने डोंगराला वळसा घालून नेलं. रिक्षा गावठणातल्या रस्त्यावर उभी होती. रिक्षात ठेवला तेव्हा तो बोलत होता, संगमेश्वरच्या अलीकडे बोलायचा थांबला. साकव असता तर वाचला असता का, हे मला माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. काही गोष्टी विचारून उपयोग नसतो.

वाडीला मात्र खात्री होती. बहिष्काराचा फलक लागला त्यावर वर लिहिलं होतं, "साकव नाही तर मत नाही", आणि खाली माझ्या नवऱ्याचा फोटो. पुतण्याच्या लग्नातला. डोक्यावरचा फेटा तसाच होता, शेजारी उभ्या असलेल्या मला कापून टाकलं होतं. फोटोखाली "साकवाचा बळी" असं छापलं होतं. सहाणेकडे जाताना तो फलक दिसतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोक्यावर तांदळाचा डबा होता, त्यामुळे फार वेळ थांबता आलं नाही.

साकव हे कारण खरं होतं. पण बहिष्कारावर सगळ्यांचं इतक्या पटकन एकमत का झालं, याचं कारण दुसरं होतं आणि ते फलकावर नव्हतं. आमची वाडी तीन पिढ्या एका पक्षाची. माझा नवरा दर निवडणुकीला त्या पक्षातर्फे केंद्रावर बसायचा, सकाळी चहाच्या आधी पहिलं मत टाकायचा आणि मग दिवसभर कोण आलं कोण नाही ते बघायचा. त्याच पक्षाची पुढे दोन शकलं झाली. एकाच रंगाचे दोन झेंडे, एकाच फोटोला दोन्हीकडून हार. भावजी एका बाजूला गेले, वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष दुसऱ्या बाजूला. सख्ख्या भावांनी गणपतीची आरती वेगवेगळी केली. गेल्या निवडणुकीला वाडी पहिल्यांदा नारळ ठेवू शकली नाही, आणि मतदानानंतर दोन घरांतलं जाणंयेणं बंद झालं ते अजून बंद आहे. म्हणून यंदा कोणीतरी "बहिष्कार" म्हटल्यावर सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कोणालाच मत द्यायचं नाही यावर भांडण होत नाही. हे मला दळणाच्या रांगेत बसलेल्या बायकांच्या बोलण्यावरून कळलं. एक म्हणाली, "आमच्यात तीन दिवसांनी बापलेक एकत्र जेवले." ते मला खोटं वाटलं नाही.

बहिष्काराचा निरोप मुळात मुंबईहून आला होता. आमच्या वाडीची निम्मी माणसं मुंबईत, त्यांचं मंडळ आहे आणि वाडीतलं मोठं काही मंडळाच्या होकाराशिवाय होत नाही. थोड्याच दिवसांआधी मुंबईत महापालिकेची निवडणूक झाली होती. अध्यक्षांनी वाडीच्या ग्रुपवर शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला होता, खाली मतदान हे पवित्र कर्तव्य वगैरे. आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले होते. त्याच ग्रुपवर त्याच अध्यक्षांनी आता आम्हाला मत न देण्याचा आदेश दिला. मी दोन्ही मेसेज वर-खाली करून वाचले आणि फोन ठेवला.

मी मत द्यायचं ठरवलं ते रागाने नाही आणि नवऱ्याच्या आठवणीसाठीही नाही. साकवाच्या अर्जामागे नवऱ्यानंतर मीच फिरत होते. एका पक्षाच्या कार्यकर्त्याने मला कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर गाठून सरळ सांगितलं होतं, "वहिनी, तुमच्या वाडीचं मतदान बघा. नावं यादीत भरमसाट, माणसं मुंबईत. बाकीच्या वाड्या बस लावून माणसं आणतात. वर बोलायला आम्हाला आकडा लागतो हो." माणूस आगाऊ होता पण खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे मतदान तसंही अर्ध्यावर यायचं नाही. ते शून्यावर आलं म्हणून कोणाची झोप उडणार होती? शून्य मतांच्या वाडीतून कागद घेऊन जाणाऱ्या बाईला दारात कोण उभं करणार? मला पुन्हा त्या दारात जायचं होतं. बस, एवढंच.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, कशाला नडतेस? मला इथे मंडळात तोंड दाखवायचंय."

"तू मत दिलंस का मुंबईत?"

"दिलं."

"मग मला काय सांगतोस?"

पण एक गोष्ट खरोखर पणाला लागत होती, आणि ती माझी नव्हती. शिमग्यात पालखी घरोघर येते. अंगणात चौरंगावर टेकते, घरची बाई देवीची ओटी भरते, गावकर त्या घराचं गाऱ्हाणं घालतात. सासूबाई या घरात आल्यापासून ओटी त्याच भरत आल्या होत्या. गेल्या शिमग्याला आमच्याकडे सुतक, वर्ष भरलं नव्हतं, म्हणून पालखी आली नाही. यंदा येणार होती. सासूबाईंनी संक्रांतीलाच खणाचं कापड आणून ट्रंकेत ठेवलं होतं. नारळाचा शब्द मोडणाऱ्या घरी पालखी जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि त्यांचं वय असं की पुढच्या शिमग्याचं कोणी बोलू नये.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, उद्या मी मत द्यायला जाणार."

अडकित्ता थांबला नाही. "म्हंजे पालखी येणार नाय."

"नसेल येणार."

"तू विचारतेस की सांगतेस?"

"सांगते."

"मग सांगून झालं. विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं." मग म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी हाय तुझ्या आज."

मीठ बरोबर होतं.

सकाळी गिरण बंद ठेवली आणि गेले. पऱ्यात पाणी घोट्याएवढं. शाळेत दोन खोल्यांत दोन केंद्रं होती: उजवीकडचं गावठणाचं, डावीकडचं आमच्या दोन वाड्यांचं. उजवीकडे रांग व्हरांड्यातून खाली पायऱ्यांपर्यंत आली होती. डावीकडे पोलीस खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी डावीकडे वळले तशी रांगेतली बडबड बंद झाली. पोलिसाने आत तोंड घालून सांगितलं, "आल्या बघा एक."

आत चार माणसं होती. एक बाई डबा उघडून बसली होती, तिने घाईने झाकण लावलं. चौघांनीही इतक्या उत्साहाने माझं नाव शोधलं की मला लाज वाटली. सही, शाई, दोन मतं द्यायची: एक जिल्हा परिषदेचं, एक पंचायत समितीचं. मी दिली. यंत्र वाजलं. रिकाम्या खोलीत तो आवाज भलताच मोठा झाला.

"अजून कोणी येणार आहे का हो तिकडून?" डबेवाल्या बाईने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

बाहेर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते आपापल्या मांडवातून उठून आले आणि दोघांनीही मला हात जोडले. "वहिनी, आभारी आहे." दोघांनाही वाटलं मत त्यांनाच.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. "कोणाला दिलंस?"

"सांगायचं नसतं."

"माझा मुलगा मला सांगायचा."

"तो तुम्हाला सांगायचा नाही, आई. तो तुम्हाला बटण दाखवून आणायचा."

"तेच ते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत दुसरं कोणी गेलं नाही. आमच्या खोलीत एक मत पडलं.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर कोणी आलं नाही. वाळीत टाकणं आता गुन्हा आहे आणि हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी कोणाला वाळीत टाकत नाही. फक्त येत नाहीत. बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पऱ्या ओलांडून गावठणातल्या गिरणीवर जाताना मला ओट्यावरून दिसायच्या. मी पट्टा साफ केला, जाळ्या धुतल्या, जात्याच्या दगडाला टाकी लावून घेतली. ती कामं केव्हापासून राहिली होती.

भावजी मात्र आले. गडग्याच्या त्यांच्या बाजूलाच उभे राहिले.

"वयनी, तुमी मला खोटा पाडलात."

"मी तुम्हाला हात लावायला सांगितलं नव्हतं, भावजी."

"सांगाया कशाला लागतंय? घरात पुरुष नाय. मग कोणी लावायचा?"

"मी लावला असता. नाहीतर लावला नसता. आधी हाक मारायची होती."

"बायका लावत नाय नारळाला हात."

"मग बायकांचा हात मोजूही नका."

त्यांनी गडग्यावरचा एक सुटा दगड उचलला आणि नीट बसवून ठेवला. मग म्हणाले, "खुर्चीची फुडली बाजू माज्या खांद्यावर होती. वरच्या चढावर मी पडलो, तरी बांबू सोडला नाय. त्याच्यासाठीच हे सगळं चाललंय ना? आणि तुमीच..."

त्यांनी बांबू सोडला नव्हता हे खरं होतं. त्यांचा गुडघा अजून थंडीत दुखतो. मी म्हटलं, "मला ठाऊक आहे ते." ते निघून गेले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि इतकी वर्षं मतदान केल्यावर ती यायला हवी होती. मतमोजणी केंद्रानुसार होते. प्रत्येक यंत्राचा आकडा मोठ्याने वाचतात, दोन्ही पक्षांची माणसं समोर बसून लिहून घेतात. ज्या यंत्रात एकच मत आहे त्यात गुप्त काय राहणार? मोजणीच्या दिवशी दुपारी भात उतरवत होते तेव्हा मुलाचा मुंबईहून फोन आला.

"आई, तू जिल्हा परिषदेला एकाला आणि पंचायत समितीला दुसऱ्याला दिलंस?"

माझ्या हातात फडकं तसंच राहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय. सगळ्यांना माहीत झालंय."

खरं होतं. जिल्हा परिषदेला मी भावजींच्या पक्षाला दिलं होतं, कारण साकवाचा प्रस्ताव निदान कागदावर तरी त्यांच्या माणसाने आणला होता. पंचायत समितीला त्यांच्या विरोधातल्या बाईला, कारण ती एका श्रावणात साडी वर खोचून पऱ्यातून चालत आमच्याकडे आली होती. मी दोन कामांसाठी दोन माणसं निवडली होती. वाडीत मात्र असं कोणी कधी केलं नव्हतं. आमच्याकडे माणूस ह्यांचा असतो नाहीतर त्यांचा.

सासूबाईंनी मला खडसावलं. "मला सांगितलं नायस नि साऱ्या जिल्ह्याला सांगितलंस."

पण त्याचा परिणाम वेगळाच झाला. तोवर भावजींच्या बाजूचे म्हणत होते की मला अध्यक्षांनी फोडलं, आणि अध्यक्षांच्या बाजूचे म्हणत होते की भावजींनीच मला आतून पाठवलं, हात लावला तो देखावा. आता दोन्ही बाजूंना बोलता येईना. मी कोणाची माणूस आहे हे कोणालाच सांगता येईना. दोन दिवसांनी तिन्हीसांजेला मागच्या दाराने तीच कुळीथवाली शेजारीण डबा घेऊन आली. शिमग्याचं पुरणपोळीचं पीठ. "गावठणातला भरडा काढतो मेला," ती म्हणाली. "वयनी, एक विचारू? दोन बटणं वेगळी दाबली तर चालतं?"

"चालतं."

"मला वाटलं बाद होतं." ती डब्यावर हात ठेवून उभी राहिली. "आमचे हे म्हणतात, मशीन एकच, तर मत एकच."

शिमगा तोंडावर आला तेव्हा गावकर स्वतः गिरणीवर आले. वयस्कर माणूस, कमी बोलतात आणि बोलतात ते गाऱ्हाण्याच्या चालीवर. मी खुर्ची दिली, बसले नाहीत.

"शब्द मोडला तर पालखी अंगणात येत नाय. ते मी बदलू शकत नाय."

"मी शब्द दिलाच नव्हता, गावकर."

"घराचा हात लागला. देवीकडं घर बघतात."

"आणि केंद्रावर माणूस बघतात. मी तिथे घर म्हणून गेले नव्हते."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हातारीची ओटी आमी अडवणार नाय. पालखी तुमच्या गडग्याबाहेर वाटेवर थांबवू. खांद्यावरच, टेकवणार नाय. म्हातारीनं बाहेर येऊन भरावी. तुमी घरात राहा."

असं ठरलं होतं. सहाणेवर, अर्थातच. मी हो म्हटलं, कारण खणाचं कापड ट्रंकेत होतं.

पालखीच्या दिवशी मी अंगण सारवलं तरी होतं. पालखी आत येणार नव्हती, पण सारवायचं ते सारवायचंच. ढोल ऐकू यायला लागले तशा सासूबाई तयार झाल्या. हिरवं लुगडं, हातात ताट: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. उंबरा उतरायला त्यांना एका हाताचा आधार लागतो, आणि दोन्ही हात ताटाला होते.

"कोण धरणार मला?"

वाडीने सगळं ठरवलं होतं, हे ठरवायचं राहिलं होतं. ढोल अगदी गडग्याशी आले. मी पदर खोचला आणि त्यांच्या कोपराला धरून बाहेर पडले.

पालखी वाटेवर उभी होती, वीसेक माणसं मागे, गुलालाने लाल. पुढच्या दांड्याला भावजी. मला बघून ढोल थांबला नाही, पण सैल झाला. गावकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हातातल्या ताटाकडे, आणि हाताने खूण केली. माणसांनी खांद्यावरची पालखी जरा खाली वाकवली. सासूबाईंनी ओटी भरली. खण नीट बसेना म्हणून मी हात पुढे करून तो सारखा केला. माझ्या नखावरची शाई अजून गेली नव्हती. सगळ्यांची नजर तिथे होती, मला कळत होतं.

गावकरांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "आई महामाये, आज ही तुजी लेकरं तुज्या पायाशी उभी हायत..."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

"ह्या घरचा धनी तुज्या पायाशी आला, त्याला जवळ ठेव..."

"होय महाराजा!"

"मुंबईच्या लेकराला सांभाळ, गिरण चालती ठेव, पऱ्यावर साकव होऊदे..."

"होय महाराजा!"

"आणि ह्या घरच्या बाईमाणसाकडून काय चुकीमाकी झाली असेल, ती पदरात घे..."

गाऱ्हाण्यात हे वाक्य असतंच. फक्त दर वर्षी ते "आम्हा लेकरांकडून" असं असतं. मागची वीस माणसं "होय महाराजा" म्हणाली. सासूबाई सगळ्यांच्या वर मोठ्याने म्हणाल्या. मी तोंड मिटून उभी राहिले.

गावकर थांबले. गाऱ्हाणं एका माणसाच्या होकारासाठी अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ढोलही थांबला. मी सासूबाईंच्या कोपराला धरूनच होते आणि माझ्या मनात एवढंच होतं की यांना फार वेळ उभं राहवणार नाही. पण ते शब्द म्हणणं मला शक्य नव्हतं. ते म्हटले असते तर माझं मत चूक ठरलं असतं, आणि ते देवीसमोर.

भावजी दांड्याखालून बोलले. माझ्याकडे न बघता. "नेहमीचं म्हणा ओ, गावकर. आमा लेकरांकडून. खांदा भरलाय माजा."

गावकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि नेहमीच्या चालीवर, थोडं घाईने म्हणाले, "आमा लेकरांकडून काय चुकीमाकी झाली असेल, ती पदरात घे, आई."

"होय महाराजा," मी म्हटलं.

ढोल पुन्हा वाजायला लागले. पालखी उचलली गेली, अंगणाकडे न वळता वाटेने पुढे निघाली. भावजींचा गुडघा आखडला होता, पहिली चार पावलं ते लंगडत गेले.

मी सासूबाईंना आत आणून पडवीत बसवलं. त्यांनी रिकामं ताट मांडीवर धरलं होतं, ते मी काढून घेतलं.

"अंगणात नाय आली ती," त्या म्हणाल्या.

"नाही आली."

"मग फुडल्या साली येईल."

"तोवर थांबावं लागेल तुम्हाला."

"थांबेन की," सासूबाई म्हणाल्या. "तू काय मला हाकलतेस?"